दारू नव्हती, तांबं होतं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी दारू पीत नाही. कधीच प्यायलेलो नाही. मित्रांच्या लग्नात नाही, होळीला नाही, कॉलेजच्या सहलीतही नाही. हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं की मला त्याचा वीट आला. शेवटी शेवटी तर ते बोलताना माझी जीभ अडखळायची. आता अडखळत्या जिभेने 'मी पीत नाही' म्हणणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

मला विल्सनचा आजार आहे. शरीरात तांबं साठत जातं. आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. हे लिहिताना तो आटोक्यात आहे, गोळ्या चालू आहेत आणि त्या जन्मभर चालू राहतील. तुमच्या घरात कोणाचे हात थरथरत असतील, जीभ जड झाली असेल आणि घरचे डोळे वटारून बघत असतील, तर त्या माणसासाठी मी हे लिहितो आहे. ज्यांना हे वाचून वाईट वाटायला हवं ते वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे.

फळा

मी जबलपूरला एका खाजगी हायर सेकंडरी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. हिंदी माध्यमाची शाळा, त्यामुळे घरी जिला आम्ही पेशी म्हणतो ती वर्गात कोशिका. आमचं घर शहराच्या रांझी भागात. बाबा तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, आजोबा अमरावतीकडून नोकरीसाठी आलेले. घरात आई, बाबा, मी, माझी बायको शुभांगी आणि धाकटी बहीण मनीषा, म्हणजे मनू. छत्तीसगड वेगळं झालं त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी तिशीत होतो, लग्नाला जेमतेम एक वर्ष झालं होतं.

माझ्या आकृत्या चांगल्या यायच्या. पेशीचं चित्र मी खडूने एका दमात काढायचो, रंगीत, नावांच्या बाणांसकट. एके दिवशी बाण वाकडे यायला लागले. मग अक्षर बारीक होत गेलं, इतकं की पहिल्या बाकावरची मुलंही म्हणायची, "सर, दिख नहीं रहा." मी मोठं लिहायला जायचो तर हातच फडफडायचा, पंख झाडणाऱ्या कोंबडीसारखा. खडू सुटून खाली पडायचा आणि वर्ग हसायचा.

मग जीभ. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो, तो तोंडात तुटायला लागला. कधी बोलता बोलता ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. एकदा स्टाफरूमच्या पायऱ्यांवर तोल गेला आणि मी सगळ्यांसमोर बसकण मारली. गणिताच्या सरांनी मला उठवलं आणि उठवताना नाक माझ्या तोंडाजवळ आणलं. त्या क्षणी मला कळलं की माझ्या पाठीमागे काय बोललं जातंय.

महिन्याभरात प्राचार्यांनी बोलावलं. एका मुलाच्या वडिलांची तक्रार होती. प्राचार्य मला खुर्ची न देता म्हणाले, "विनय जी, पर्सनल लाइफ में आप जो करें. लेकिन स्कूल में पीकर आना…"

"सर, मैं पीता ही नहीं."

"सब यही कहते हैं."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. मजकूर तयार होता. यापुढे मी नशेत शाळेत येणार नाही आणि आलो तर शाळा देईल ती शिक्षा मला मान्य असेल. सही नाही केली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं.

मी सही केली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग कोणाचा येत असेल तर त्या दिवशीच्या माझा. न केलेल्या गोष्टीची मी लेखी कबुली दिली. आणि सही अशी वेडीवाकडी आली की प्राचार्यांनी ती बघून मान हलवली. त्यांना पुरावाच मिळाला.

वास

घरी काही वेगळं नव्हतं. संध्याकाळी मी आलो की शुभांगी दारातच पिशवी घ्यायला यायची आणि अगदी जवळ यायची. सुरुवातीला मला ते प्रेम वाटलं. मग लक्षात आलं की ती श्वास आत ओढतेय.

"काय हुंगून राहिली?"

"काही नाही. चहा ठेवू का?"

आई तर सरळ म्हणायची, "सांगून टाक न बापा एकदाचं. काहून लपवून राहिला? आपल्या खानदानात कोणी हात लावला नाही त्या बाटलीला."

माझे हात थरथरतात म्हणून मी नीट जेवू शकत नव्हतो, आणि पीत असल्यामुळेच हात थरथरतात असं घरच्यांचं ठरलेलं. सगळ्या वाटा तिथेच जायच्या. चिडलो तर नशा. गप्प बसलो तर कालची उतरली नाही. एकदा मी भरलं ताट भिंतीवर फेकलं. ते मी केलं, नाकारत नाही. वरण भिंतीवरून ओघळत होतं आणि बाबा शांतपणे म्हणाले, "झोपू द्या त्याला. सकाळी बोलू."

मग कावीळ झाल्यासारखे डोळे पिवळे दिसायला लागले. घराजवळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. यकृत खडबडीत झालंय, असा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला, टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कब से पी रहे हो?"

मी म्हटलं, नाही पीत. ते शुभांगीकडे वळले. "आप बताइए."

शुभांगी काही बोलली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो, ती जमिनीकडे बघत होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहिलं ते मी बाहेर येऊन वाचलं: दारू पूर्ण बंद.

तिशीतल्या माणसाचं यकृत खराब का झालं, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. हात, जीभ आणि यकृत तिन्ही एकदम का बिघडली, हाही पडायला हवा होता. एक साधी रक्ततपासणी होती. पण उत्तर आधीच तयार असलं की प्रश्न कोण विचारतो?

बाबांनी मात्र आपल्या परीने उपाय सुरू केला. कुठेतरी त्यांनी ऐकलं होतं की तांब्याच्या भांड्यातलं पाणी यकृताला चांगलं. ते संध्याकाळी मोठा तांब्याचा हंडा भरून ठेवायचे आणि सकाळी मला दोन पेले प्यायला लावायचे. स्वतः समोर उभे राहायचे. "पूर्ण पी. खाली ठेवू नको." चार महिने मी ते पाणी प्यायलो. घरात तेवढा एकच माणूस मला बरं करायला बघत होता, आणि तो मला तांबं पाजत होता.

सदरमधल्या डॉक्टरबाई

आजार कळला तो चष्म्यामुळे. चष्म्याची काडी तुटली, नंबर तपासून घ्यावा म्हणून मी सदर बाजारातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. साठीच्या बाई होत्या, केस पांढरे, बोलणं तुटक. यंत्रावर हनुवटी ठेवायला सांगितली. एका डोळ्यात बघितलं. मग दुसऱ्या. मग परत पहिल्या. मला वाटलं, यांनाही आता वास येणार.

त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "बेटा, लिवर में कुछ निकला है क्या?"

मी दचकलो. डोळ्यांच्या डॉक्टरला यकृताचं काय?

"हाथ काँपते हैं? लिखने में दिक्कत?"

"जी."

"बोलने में भी. वो तो सुन ही रही हूँ."

मी थांबलो होतो, पुढचा प्रश्न यायची वाट बघत. तो आला नाही. त्यांनी एक आरसा दिला, दिवा माझ्या डोळ्यावर धरला आणि दाखवलं. बुबुळाच्या कडेने एक सोनेरी-तपकिरी कडं होतं, गढूळ हिरवट. "ये ताँबा है," त्या म्हणाल्या. "दोनों आँखों में है."

त्यांनी नागपूरच्या एका मेंदूविकार तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी लिहिली. मी उठायला लागलो तर खुर्चीतच रडायला लागलो, आवाज करून. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. बाईंनी दार लावून घेतलं आणि त्या आपल्या जागी येऊन बसल्या. माझं रडणं संपेपर्यंत त्यांनी पुढचा पेशंट घेतला नाही. दोन वर्षांत प्रत्येकाने विचारलेला तो एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

नागपूर

वॉर्डातला माझा पहिला दिवस एका पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनसोबत गेला. चोवीस तासांची लघवी त्यात साठवायची, एक थेंब वाया घालवायचा नाही, कारण त्यातलं तांबं मोजायचं होतं. माझे हात फडफडत असलेले, आणि कॅनचं तोंड एवढंसं. शुभांगी कॅन धरायची. लग्नाला जेमतेम तीन वर्षं होताहेत तोच नवऱ्याचा लघवीचा कॅन धरून उभी राहिलेली ती मुलगी, तिच्यावरही मी ओरडायचो. "हालवू नको म्हटलं न!" हलत मी होतो.

सकाळी सहाला रक्त. मग डोक्याचं स्कॅनिंग. मग तासन्‌तास काही नाही. शेजारच्या खाटेवर बैतूलचे एक आजोबा होते, ते माझं जेवण सांडलं की उठून चादर झटकायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. तरुण होते, माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठे.

"विल्सनच आहे. शंका नाही." मग म्हणाले, "तुम्ही जीवशास्त्र शिकवता न सर? मग तुम्हाला मी नीट सांगतो."

त्यांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेशी काढली. माझ्यापेक्षा वाईट काढली.

"यकृताच्या पेशीत एक प्रथिन असतं. पडद्यात रुतून बसणारं. ते तांबं उचलून पडद्याच्या पलीकडे टाकतं. पण ते जिथे बनतं तिथे काम करत नाही. इथे बनतं, घडी होते, मग बारक्या पिशव्यांतून इकडे गॉल्जीत, पेशीच्या टपाल कचेरीत, येतं. एरवी त्याचा मुक्काम इथेच. पेशीत तांबं वाढलं की ते गॉल्जी सोडतं आणि पित्ताच्या नळीकडे सरकतं. तिथे तांबं बाहेर टाकतं. तांबं कमी झालं की परत गॉल्जीत. रोज ये-जा चालू."

"आणि माझं?"

"जनुकात चूक आहे. नेमकी कोणती, ते आपण इथे तपासू शकत नाही. काहींचं प्रथिन बनतच नाही. पण पुष्कळांचं बनतं. घडी थोडी चुकते एवढंच. मग जिथे बनतं तिथेच पेशी त्याला अडवते आणि मोडून टाकते. गॉल्जीपर्यंत पोचूच देत नाही."

"पोचलं असतं तर काम केलं असतं का?"

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "काही प्रकारांत, प्रयोगशाळेत, थोडंफार करतं असं दिसलंय. तुमच्या बाबतीत मी सांगू शकत नाही."

इतकी वर्षं मी फळ्यावर गॉल्जी काढत होतो. चार वाकड्या रेषा, बाजूला दोन-तीन गोळे, खाली नाव. दोन गुणांचा प्रश्न. त्या रेषांपर्यंत काहीतरी पोचायचं असतं आणि ते पोचलं नाही तर माणसाच्या तोंडातून लाळ गळते, हे कोणत्या पुस्तकात लिहिलं होतं? मी मुलांना पाठ करायला लावलं आणि स्वतःही पाठच केलं. मला त्या कागदाचा बोळा करावासा वाटला. केला नाही, कारण पलीकडच्या बाजूला माझा रिपोर्ट होता.

मी डॉक्टरांना हंड्याबद्दल विचारलं. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते म्हणाले, "मीच पाजलं डॉक्टरसाहेब. रोज दोन गिलास."

"त्याने आजार झाला नाही काका. आजार जन्मापासून आहे. पण आता बंद करा."

बाबांनी मान हलवली. ते बाहेर बाकावर जाऊन बसले आणि जेवणाची वेळ झाली तरी आत आले नाहीत.

त्याच दुपारी मी शुभांगीला विचारलं. इतके दिवस गिळलेलं होतं. "तू रोज वास घेत होती. एकदा तरी आला का?"

"नाही."

"मग त्या डॉक्टरसमोर बोलली काहून नाही?"

ती सफरचंद कापत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "मला वाटायचं, आज तरी यावा."

"काय?"

"वास. दारू असली असती तर सोडवता आली असती. माझ्या काकाची सोडवली न. वास येत नव्हता तर मग तुम्हाला काय झालं होतं? मला भीती वाटायची." तिने फोड माझ्या हातात दिली, ती पडली, तिने दुसरी दिली. "तुम्ही रागवा. रागवायलाच पाहिजे. पण मी तुम्हाला खोटारडं समजत नव्हते."

मी रागावलोच. आजही त्या डॉक्टरच्या खोलीतलं तिचं गप्प बसणं आठवलं की रागावतो. पण तिचं म्हणणं खरं होतं हेही मला तेव्हाच कळलं होतं.

चिडणं कोणाचं

गोळ्या सुरू झाल्या आणि मी आणखी बिघडलो. डॉक्टरांनी बजावलं होतं की असं होऊ शकतं, शरीरातलं तांबं सुटं होताना मेंदूला काही काळ जास्त त्रास होतो. पण ऐकणं वेगळं. दोन महिने मला पेला धरता येत नव्हता. शब्द फुटत नव्हते, नुसता घोगरा आवाज निघायचा. तुम्ही हे उपचार घेत असाल तर एवढं सांगतो, या दिवसांत गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांशी भांडा, डोस बदलून घ्या, पण बंद करू नका. मी दोनदा खिडकीतून फेकायला निघालो होतो.

शाळेने याच काळात 'आराम कीजिए' म्हणून मला काढून टाकलं.

आणखी एक गोष्ट झाली. आजाराने स्वभाव चिडका होतो, असं डॉक्टरांनी घरच्यांना समजावून सांगितलं. चांगल्या हेतूने सांगितलं. त्या दिवसापासून माझा राग माझा राहिला नाही. मी काही बोललो की आई बाबांकडे बघायची, "तांबं चढलं त्याचं." ताट फेकलं तेव्हा तांबं असेल. प्राचार्यांचं नाव निघालं की माझ्या कानशिलात ठोके पडायचे, तेही तांबंच? वर्षभराने लघवीतलं तांबं खाली आलं, हाताची थरथर निम्म्याने कमी झाली, बोलणं समजायला लागलं. राग तेवढाच होता. मग मी घरात जाहीर करून टाकलं, हा आता माझा आहे, याला औषध नाही.

रिपोर्ट घेऊन मी शाळेत गेलो. प्राचार्यांनी या वेळी खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, फाइलमधला तो कागद मला परत द्या. ते म्हणाले, "अरे छोड़िए न विनय जी. अब आप ठीक हो गए, भगवान का शुक्र मनाइए." फाइलमधून कागद काढता येत नाही, असा नियम होता म्हणे. मी रिपोर्टच्या प्रतीवर एक अर्ज लिहिला, तिथेच बसून, प्रत्येक अक्षर खोदल्यासारखं, पाऊण तास लावून. त्याच फाइलमध्ये हा लावा आणि मला पोच द्या. क्लार्क शिक्का मारेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही. माफी कोणी मागितली नाही. अजून नाही.

मनू

पण घरातलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते नागपूरहून आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांची तपासणी करायचीच. आई-बाबा दोघांकडून चुकलेलं जनुक आलं की हा आजार होतो, म्हणजे मनूला असण्याची शक्यता चारात एक. लक्षणं नसताना सापडला तर तिला माझ्यासारखं काही होणारही नाही, गोळीवर नीट राहील.

मनू तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा कटनीचा, घर चांगलं.

आई म्हणाली, "लग्न होऊन जाऊ दे. मग पाहू."

मला तेव्हा नीट बोलता येत नव्हतं. मी ओरडलो ते शब्द होते की नुसता आवाज, माहीत नाही. आईला कळलं मात्र.

"तिला काही झालं आहे का? पाय आहेत, हात आहेत, घरभर फिरून राहिली. कशाला नसता डाग लावायचा पोरीला?"

"मलाही… जन्मापासून… होता," मी म्हटलं. "दिसला का… तुला?"

बाबा म्हणाले, डॉक्टर म्हणत होते की नात्यातल्या लग्नात हे जास्त होतं. बाबांनी मामाच्या मुलीशी लग्न केलेलं, म्हणजे आईशी. आमच्याकडे त्यात वावगं काही नव्हतं. पण बाबांनी हे म्हटलं आणि आईचा चेहरा उतरला.

"अच्छा. म्हणजे आता आमच्या लग्नात खोट काढून राहिले तुम्ही. माझ्या बापाच्या घरातून आलं का हे?"

"दोघांकडून आलं म्हणतात," बाबा म्हणाले.

"मग दोघांनी गप्प बसा."

मनू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कणीक मळलेले हात तसेच. ती म्हणाली, "माझ्याबद्दल बोलून राहिले न सगळे? मग मला विचारा न कोणी."

कोणी विचारलं नाही. दोन दिवसांनी ती मला म्हणाली, "दादा, तो कॅन कुठे मिळतो?"

तिने घरात कुणाला कळू न देता चोवीस तास तो कॅन न्हाणीत बादलीमागे ठेवला. सकाळी तो जुन्या दप्तरात घातला आणि लॅबला जायला सिटी बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. मी सोबत गेलो. गर्दीत एका बाईने विचारलं, "टिफिन है क्या बेटा? नीचे रख दो." मनू म्हणाली, "नहीं आंटी, कीमती सामान है." आम्ही दोघं इतके हसलो की माझी लाळ शर्टावर सांडली. त्या दोन वर्षांत मी तेवढंच हसलो.

सदरच्या डॉक्टरबाईंनी तिचे डोळे बघितले. कडं नव्हतं. मला वाटलं, सुटली. पंधरा दिवसांनी रक्त आणि लघवीचे रिपोर्ट आले. तिलाही होता.

आईने लगेच दुसरा मार्ग काढला. गोळ्या तर घ्यायच्याच, पण सासरी सांगायचं, रक्त वाढवायच्या आहेत. "डबीवरचं नाव खरवडून देईन मी."

मनूने त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला. आमच्यासमोर, बैठकीत उभी राहून. आजाराचं नाव सांगितलं, आपल्याला त्रास काहीच नाही हे सांगितलं, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील हे सांगितलं. दादाला काय झालं तेही सांगितलं. मुलगा चांगलं बोलला म्हणे. "घर में बात करके बताता हूँ." त्यांचा फोन आला नाही. महिन्याभराने मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी छान आहे, पण आता नको.

आई माझ्याशी जवळजवळ वर्षभर बोलली नाही. जेवण वाढायची, ताट ठेवायची, निघून जायची. तिच्या मते मी स्वतः बुडालो आणि बहिणीलाही घेऊन बुडालो. मी मनूला एकदा विचारलं, तुलाही असंच वाटतं का. ती म्हणाली, "मला वाईट वाटलं, दादा. खूप वाटलं. पण तुझ्याकडे पाहते न मी रोज." एवढंच म्हणाली. लागलं मला. खरं होतं.

आता

याला पाच वर्षं होऊन गेली. मी शहरातल्या कांचघर भागात एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. हळू बोलतो, मुलं वाट बघतात. फळ्यावर लिहिण्याऐवजी छापील आकृत्या वाटतो. ज्यात तांबं जास्त ते काजू, चॉकलेट, कलेजी बंद. मनू बँकेत आहे. तिचा हात एकदाही थरथरला नाही. तिचं लग्न झालेलं नाही, त्याची तिला आमच्याइतकी काळजी दिसत नाही.

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एक काकू घरी आल्या होत्या. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो. काकूंनी आधी मनूच्या लग्नाचं विचारलं, मग स्वतःच्या पुतण्याचं रडगाणं काढलं. सत्तावीस वर्षांचा पोरगा, हात कापतात, बोलताना अडखळतो, घरचे विचारतात तर पीत नाही म्हणतो. "आता खोटं बोलतो तो, दुसरं काय."

मला वाटलं, आई चहा आणायला उठेल. ती हलली नाही.

"पिताना पाहिलं का तुम्ही त्याला?" आईने विचारलं.

"पाहिलं नाही बाई, पण…"

"पाहिलं नाही न? मग खोटारडा काहून म्हणून राहिल्या? माझ्या दोन्ही पोरांना तांब्याचा आजार आहे. दोघांना. माझ्याकडूनच आला. मी माझ्या पोराला दोन वर्षं दारुडा म्हटलं, तो पाण्याशिवाय काही प्यायला नव्हता. उद्या सकाळी त्या पोराला सदरला घेऊन जा, डोळे दाखवा. नाही गेल्या तर मी येते घरी आणि मीच घेऊन जाते."

काकू चहा न घेताच गेल्या. पण त्या घाबरल्या होत्या, घेऊन गेल्या पुतण्याला.

त्याच्या डोळ्यांत काही निघालं नाही. रक्तातही नाही. मुलगा खरंच पीत होता, कारखान्याच्या मागे, रोज. काकूंनी फोन करून आईला ते चांगलंच ऐकवलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पीत असेल. पण आधी तपासलं न." आणि फोन ठेवून दिला.